वरच्या खोलीचा कानोसा

त्या खोऱ्यात दुपारी तीनच्या सुमारास इतकी सामसूम असे, की रस्त्याने जाणाऱ्याला स्वतःच्याच पावलांचा संकोच वाटावा. दुकानांच्या दारांवर पाट्या लटकत: 'जरा पडलोय, चारला उघडतो', 'ओढ्यावर आहे, हाक मारा', 'शेजारी चहाला'. न्हाव्याची पाटी तर बारा महिने 'आलोच' अशीच असे, आणि तो कुठून येणार हे कुणी विचारत नसे. पाटी वाचायची आणि पायरीवर बसायचं, एवढंच.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला, टेकडीच्या कुशीत, आभाळाकडे तोंड करून एक प्रचंड पांढरी थाळी बसलेली होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण गावात तिला सगळे 'कान' म्हणत. आभाळातून येणारे फार बारीक आणि फार जुने आवाज हा कान ऐकत असे, आणि त्याला नीट ऐकू यावं म्हणून साऱ्या खोऱ्याने बिनतारी बोलणं सोडून दिलं होतं. मोबाइल नाही, हवेतून येणारं इंटरनेट नाही, दुरून बटण दाबून उघडणारं फाटक नाही. घरोघरी तारेचे फोन होते आणि त्यांच्या तारा लांब होत्या. बायका भाजी चिरता चिरता फोनवर बोलत आणि तारेत अडखळून बाप्ये शिव्या देत. फोनवर माणूस सापडला नाही तर उठून त्याच्या घरी जायचं, नाहीतर बेकरीत निरोप ठेवायचा. शहरातून आलेल्या पाहुण्याला पहिले दोन दिवस कासावीस व्हायला होई. तिसऱ्या दिवशी तो दुपारचा झोपू लागे.

या खोऱ्याची राखण करायला एक बाई नेमलेली होती. हजेरीपुस्तकात तिचं नाव होतंच, पण गावाने तिला 'गस्तीबाई' करून टाकलं होतं. वय चव्वेचाळीस, अंगाने जाड, चालणं मात्र मांजरीसारखं. छपरावर काट्याकुट्यांसारखी अँटेना लावलेली जुनी डिझेलची गाडी घेऊन ती गल्लीबोळांतून हिंडे. गाडी डिझेलचीच लागे, कारण पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगीसुद्धा कानाला खुपे. कुठे काही बिनतारी कुजबुजत असेल तर गाडीतला काटा हले, मग काट्याच्या मागावर जायचं आणि कुजबुज बंद करायची. आजवर तिने बरंच काय काय पकडलं होतं. शेताच्या विजेच्या कुंपणाची ठिणग्या टाकणारी ओली तार, एका आजीबाईंच्या पायाखालची विजेची गरम पिशवी. एकदा तर कुत्र्याच्या गळ्यातला बिनतारी पट्टा. कुत्रा पाहुण्यांबरोबर शहरातून आला होता, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. गस्तीबाई कुणाला ओरडत नसे. दार वाजवायची, चहा घ्यायची, वायर काढायची आणि निघायची.

तिचा नवरा बेकरीत पाव भाजायचा. पहाटे उठणारा माणूस, त्यामुळे तीन ते चार त्याची गाढ झोप. म्हणून कानावरच्या साहेबांनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला, तेव्हा तिला आधी हसूच आलं.

"हे बघा," साहेब म्हणाले. ते उंच होते, थोडे वाकून चालत, आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने बोलत. कागदावर आभाळाची राखाडी पट्टी छापलेली होती आणि तिच्या मधोमध एक बारीक उभी रेघ. "तीन वाजता सुरू होते, चारला बंद. रोज. वीस दिवस झाले."

"आमच्या ह्यांच्यासारखीच दिसतेय. वामकुक्षी."

"हिला उठवावं लागेल," साहेब म्हणाले. "ज्या ताऱ्यावर आम्ही कान लावलाय, तो नेमका त्याच वेळी वर असतो. आणि त्याच्यासाठी कान महिनाअखेरपर्यंतच मोकळा आहे, मग पुढच्या वर्षीच."

गस्तीबाई शोधायला निघाली. पहिल्या दिवशी काटा ओढ्याकडे झुकला, म्हणून ती पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. तिथे काहीच नव्हतं, गिरणीवाला पोत्यावर डोकं ठेवून झोपला होता आणि त्याच्या भुवयांवर पीठ साचलं होतं. दुसऱ्या दिवशी काटा उलटीकडे, शाळेच्या बाजूला. कुजबुज फार अशक्त होती, टेकडीवर आपटून परत यायची, त्यामुळे एकाच वेळी ती चार ठिकाणी असल्यासारखी वाटे. गस्तीबाई गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवून, कानांवर हेडफोन चढवून हळूहळू जात राहिली. उन्हात भिंती पिवळ्या झाल्या होत्या. एका खिडकीतून पडदा बाहेर यायचा, पुन्हा आत जायचा. कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या सदऱ्यांच्या बाह्या एकमेकींना धरू पाहत होत्या. हेडफोनमध्ये तो आवाज मधूनच येई, अगदी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा, आणि तिला वाटे की आपण कुणाच्या तरी स्वप्नातून गाडी हाकतोय. हळू चालवलेली बरी.

वाटेत टपालवाली भेटली. ती सायकल हातात धरून चालली होती.

"काय हो, इकडे कुणी नवीन राहायला आलंय?"

"इकडे? इकडे जुनेच पुरेनासे झालेत," टपालवाली म्हणाली. "काकू गेल्यापासून ही गल्ली अगदीच गप्प झाली. बाइंडरकाका पत्र घ्यायला दारात येतात, पण पत्राकडे बघतसुद्धा नाहीत. वरच्या खिडकीकडे बघतात."

तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं. गस्तीबाईने गाडी कोपऱ्यावर ठेवली आणि हातातली छोटी अँटेना घेऊन पायीच गल्लीत शिरली. घरं धुक्यातून एकेक करून पुढे येत होती. सुताराच्या घरापाशी काटा थरथरला, पुढच्या घरापाशी उचलला, आणि त्याच्या पुढच्या, निळ्या दाराच्या घरासमोर पूर्ण आडवा झाला. दारावर पाटी होती: 'आत आहे'.

ते बाइंडरकाकांचं घर होतं.  शाळेची पुस्तकं, वाचनालयाची पुस्तकं, कानावरच्या नोंदवह्या, सगळ्यांची बांधणी इथेच होई. चार महिन्यांपूर्वी काकूंना नेलं, तेव्हा गस्तीबाई याच पायरीवर उभी होती. त्या दिवशी तिला काकांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. ते आलेल्यांना खुर्च्या देत होते.

तिने दार वाजवलं. आतून उत्तर आलं नाही, म्हणून हळूच ढकललं.

काका कामाच्या टेबलाशी बसले होते. समोर उसवलेलं जाड पुस्तक, मेण लावलेला दोरा, वाटीत खळ. हातात सुई होती पण ती थांबलेली होती. टेबलाच्या कडेला पांढऱ्या प्लास्टिकचा, साबणाच्या वडीएवढा एक डबा ठेवला होता आणि त्यातून बारीक, एकसारखी खरखर येत होती.

गस्तीबाईला बघून काका दचकले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि समोरच्या स्टुलाकडे मान हलवली. ती बसली.

दोघं ऐकत राहिली. आधी तिला नुसती खरखर ऐकू आली. मग तिच्या मागे कुठेतरी घड्याळाची टिकटिक. एक पक्षी खिडकीच्या पत्र्यावर टकटक करून गेला. लाकूड एकदा कुरकुरलं.

"आता कूस बदलली," काका पुटपुटले.

गस्तीबाईने मान वाकवून डब्याकडे पाहिलं. तो डबा काय आहे हे तिने ओळखलं होतं. पाळण्यातल्या बाळाच्या उशाशी एक ठेवायचा आणि आईने दुसरा स्वयंपाकघरात ठेवायचा, तसली जोडी होती ती.  चार वाजता काकांनी स्वतःच बटण फिरवलं.

"तुम्ही येणार, ते माहीत होतं," ते म्हणाले. "चहा टाकू?"

"टाका."

चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. काकू वर निजून असायच्या. आधी एक दोरी होती, जमिनीला भोक पाडून खाली सोडलेली, तिच्या टोकाला घंटी. मग काकूंच्या हातात दोरी ओढण्याइतकंही बळ उरलं नाही, तेव्हा काकांच्या मेव्हणीने शहरातून हे यंत्र पाठवलं. शेवटचे दोन आठवडे काका खाली आले की ते लावत आणि वर जाताना बंद करत. कानाचं तेव्हा रंगकाम चाललं होतं, तो बंदच होता, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

"नंतर मी ते विसरून गेलो. परवा... परवा कसलं, वीस दिवस झाले असतील, फडताळात कात्री शोधत होतो, तर हे हाताला लागलं. दुसरं वरच राहिलेलं. सहज बटण फिरवलं." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि ती श्वास घेत होती हो."

गस्तीबाईने मान खाली घातली.

"मला वेड लागलेलं नाही," काका शांतपणे म्हणाले. "वर कुणी नाही, हे मला ठाऊक आहे. वर गेलो की कुणी नसतं. पण खाली बसून ऐकलं की असतं. ती तीन ते चार निजायची, म्हणून मी तेवढंच लावतो. जास्त नाही."

"काका, मला हे न्यावं लागेल."

"न्या की. तुमचं कामच आहे ते."

ते वर गेले.  मग ते एकेक पायरी उतरत खाली आले. यंत्राचा दुसरा डबा त्यांनी हातरुमालात गुंडाळून आणला होता. गस्तीबाईने दोन्ही डबे त्याच रुमालात बांधून शेजारच्या सीटवर ठेवले आणि धुक्यातून गाडी इतक्या हळू नेली, की मागून येणाऱ्या सायकलवाल्याने तिला ओलांडलं आणि वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कागदावर रेघ नव्हती. साहेब खूश झाले. गस्तीबाईचं मात्र कामात लक्ष लागेना. दुपारी घरी गेली, तर नवरा झोपला होता, तोंड किंचित उघडं. ती त्याच्या उशाशी उभी राहून ऐकत राहिली आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट चमकली. बंदी हवेतून बोलायला होती. तारेतून बोलायला कुणाची ना होती?

साहेब म्हणाले, "तारेला कानाची हरकत नाही. कोठीत जुना इंटरकॉम पडलाय, बघा."

रविवारी ती मायक्रोफोन, स्पीकरचा डबा आणि कापडी वेष्टनाच्या वायरचं भेंडोळं घेऊन निळ्या दाराशी आली. तिला पाहून काकांनी आधी नको नको केलं, मग स्वतःच स्क्रू पकडत उभे राहिले. वरची खोली तिने पहिल्यांदाच पाहिली. खिडक्या बंद, पलंगावर चादर चौपदरी घडी करून ठेवलेली, औषधाचा आणि बंद कपाटाचा वास. पलंगाशेजारी जमिनीत ते भोक होतं. वायर त्यातून सहज खाली गेली.

"झालं," ती म्हणाली. "आता दिवसभर लावलंत तरी कुणी विचारणार नाही."

खाली येऊन तिने बटण फिरवलं. दोघंही स्टुलांवर टेकली.

स्पीकरमधून घड्याळाची टिकटिक आली, जवळ बसल्यासारखी. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची एक बारीक शीळ आली. आणि त्यापलीकडे काहीच नाही. धुऊन पुसून ठेवलेल्या ताटासारखी स्वच्छ शांतता.

काका पुढे वाकले. कान अगदी स्पीकरला लावला. 

"बिघडलंय का काही?"

"नाही काका. उलट हे जास्त चांगलं ऐकतं. त्यात खरखर होती ना, ती यात येत नाही."

हे शब्द तोंडातून गेले आणि ते आपण बोलायला नको होते, हे तिला त्याच क्षणी कळलं. काकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जणू कुणी आतला दिवा बारीक करत होतं.

"म्हणजे ती खरखर होती," ते म्हणाले. "बरं."

त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं, आभार मानले. सोमवारी त्यांच्या दारावर पाटी लागली: 'बंद'. त्या पाटीवर दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. किती वाजता उघडणार, कुठे हाक मारायची, काही नाही. मंगळवारीही तीच. बुधवारी टपालवाली बेकरीत निरोप ठेवून गेली: 'गस्तीबाईला म्हणावं, काका दारात येत नाहीत.'

ती गेली. या वेळी दार वाजवलं नाही, मागच्या अंगणातून आत शिरली. काका टेबलाशी होते. टेबल मोकळं होतं, खळ वाटीत वाळून भेगाळली होती.

"जेवलात का?"

"हो."

हे खोटं आहे, ते दोघांनाही समजत होतं. तिने बेकरीतून आणलेला पाव कापला, चहा ठेवला, समोर बसली.

"तुमच्यामुळे नाही हो," काका म्हणाले. "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही." ते थांबले. मग वाटीतली वाळलेली खळ नखाने खरवडू लागले. "ती गेली त्या दिवशी मी इथेच होतो. वाचनालयाचा मोठा शब्दकोश बांधायला घेतला होता, त्याची पाठ बसवत होतो. ते काम मधे सोडता येत नाही, खळ वाळते. तासभर तरी लागला असेल. सारा वेळ हे यंत्र चालू होतं आणि मी ऐकत होतो, श्वास चाललाय, श्वास चाललाय. पुस्तक शिकंज्यात दाबलं, हात धुतले, वर गेलो. तिचा हात गार पडला होता."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"मी समजत होतो, की मी हात धुवायला उठलो तेवढ्यात ती गेली. तेवढ्याच दोन मिनिटांत. असं होतं, लोक सांगतात. आता मला कळलं की मी खरखर ऐकत होतो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही यातल्या जाणकार. तुम्हाला सांगता येईल का, त्यातला श्वास किती होता आणि खरखर किती?"

गस्तीबाईच्या जिभेवर खोटं आलं होतं. चांगलं, मऊ खोटं. पण पंधरा वर्षं तिने एकच काम केलं होतं, जे ऐकू येतंय ते काय आहे हे खरं सांगायचं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "कुणालाच नाही येणार, काका."

त्यांनी मान डोलावली. दोघांनी चहा प्यायला. तो गार झालेला होता.

त्या संध्याकाळी तिने ती जोडी हातरुमालातून काढली आणि टेकडीवर नेली. कानाच्या इमारतीत एक खोली होती, भिंती, छत, जमीन, दार, सगळीकडून तांब्याने मढवलेली. दार लावलं की आतला बिनतारी आवाज बाहेर जात नसे, म्हणून संशयित यंत्रं तिथेच तपासत. आपण नक्की काय शोधतोय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. खरखर कुठून येते ते मोजावं, काहीतरी धागा मिळेल, असं वाटत होतं. तिने एक डबा टेबलावर ठेवला, दुसरा हातात घेऊन कोपऱ्यात गेली, बटण फिरवलं. टेबलाकडे बघितलं आणि तशीच बघत राहिली.

गुरुवारी सकाळी ती गाडी घेऊन निळ्या दाराशी आली. "चला," म्हणाली. काकांनी का, कुठे, काही विचारलं नाही. त्यांनी सदरा बदलला, पायांत चपला घातल्या आणि गाडीत बसले. रस्ता वर चढत गेला. कान इतका मोठा होता की जवळ गेल्यावर तो दिसेनासा झाला, नुसती पांढरी सावली उरली, आणि त्या सावलीत गवत हळूहळू हलत होतं.

तांब्याच्या खोलीत दिवा लावल्यावर भिंती मावळतीच्या रंगाच्या झाल्या. काका चहूकडे बघत उभे राहिले.

"इथे सगळं लावलेलं चालतं," ती म्हणाली. "हा वरचा, काकूंच्या उशाशी होता तो. याच्याकडे बघत राहा."

तिने तो त्यांच्या समोर टेबलावर ठेवला. खालचा घेऊन ती कोपऱ्यात गेली. बटण फिरवलं, तशी ओळखीची खरखर खोलीत पसरली. आणि त्याच क्षणी काकांच्या समोरच्या डब्यावर मोहरीच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा लागला.

"हे काय?"

"तुम्ही खाली लावलंत की वर हा लागतो. ऐकणारं कुणी आहे, एवढंच तो सांगतो. बघा." तिने बटण बंद केलं, दिवा विझला. पुन्हा लावलं, लागला. "तुम्हाला कधी दिसला नसेल. तुम्ही वर असायचात तेव्हा खालचा बंद असणार."

काका खाली बसले. खुर्ची आहे की नाही तेही त्यांनी पाहिलं नाही, सुदैवाने होती.

"हिरवं झालं," ते म्हणाले.

"हो."

"नाही, तसं नाही. ती म्हणायची. मी वर गेलो की म्हणायची, 'खाली जा ना, हिरवं होऊ दे.' मला वाटलं भ्रमात बोलतेय. झाडं वगैरे दिसत असतील. मी खिडकी उघडून द्यायचो, तर मान हलवायची. 'अहो, खाली जा.'" ते हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे वाहू लागले. चार महिन्यांचं सगळं पाणी होतं ते. गस्तीबाईने ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. "मला वाटायचं, माझा कंटाळा आला तिला."

"त्या दिवशीही हिरवं होतं," गस्तीबाई म्हणाली. "तुम्ही पुस्तक बांधत होता तो सारा वेळ. केव्हा गेल्या ते मला सांगता येणार नाही. पण दिवा लागलेला होता, हे मी सांगू शकते. ते यंत्र त्यात चूक करत नाही."

ते बराच वेळ तिथे बसले. साहेब एकदा दार किलकिलं करून बघून गेले आणि पाय न वाजवता परतले. खरखर चालू होती. काकांनी शेवटी विचारलं, "ही असते तरी कसली?"

"बरीचशी यंत्राची. थोडी वरून येते, आभाळातून. ती सगळीकडेच असते."

"हं," काका म्हणाले. "म्हणजे ऐकायला ती असतेच." मग त्यांनी हिरव्या दिव्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "आता बंद करा."

पुढच्या आठवड्यात निळ्या दारावरची 'बंद' पाटी गेली. आतून सुताराच्या हाका आणि काहीतरी जड घासत नेल्याचे आवाज येऊ लागले. गस्तीबाई डोकावली, तर सुतार आणि काका दोघं मिळून शिकंजा जिन्यावरून वर चढवत होते आणि मधल्या पायरीवर अडकून एकमेकांना दोष देत होते. तिने तिसरा खांदा लावला.

"वर उजेड चांगला आहे," काका धापा टाकत म्हणाले. "आणि खाली बसून डोळे फुटायची वेळ आली. पलंग भिंतीला लावतो, टेबल खिडकीशी."

वरच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. चादर दोरीवर वाळत होती. गस्तीबाईने परत दिलेली त्या यंत्राची जोडी काकांनी एका छान कापडी पेटीत घालून मेव्हणीला पाठवून दिली होती. तिच्याकडे नात झाली होती आणि तिकडे असल्या गोष्टींना कुणाची आडकाठी नव्हती. पेटी त्यांनी स्वतः बांधली होती. हिरव्या कापडाची, असं टपालवालीने नंतर सांगितलं.

"मग ही वायर मी काढून नेऊ?" गस्तीबाईने विचारलं.

"का म्हणून? उलटी जोडून द्या. मी वर बसणार, खाली कुणी आलं तर मला कळणार कसं? गिऱ्हाईक काय जिन्यात उभं राहून बोंबलणार?"

तिने ते अर्ध्या तासात करून दिलं. मायक्रोफोन खाली दाराजवळ, स्पीकर वर टेबलावर. तारेतून आवाज एकाच दिशेने जाई. खालचं वर ऐकू येई, वरचं खाली नाही. गावाला त्याची सवय व्हायला वेळ लागला नाही. लोक आत शिरत, रिकाम्या दुकानाकडे तोंड करून 'वाचनालयाची तीन आणलीत, पाठी सुटल्यात' असं सांगत, पुस्तकं ठेवत आणि निघून जात. काही जण, विशेषतः एकटे राहणारे, पुस्तक नसतानाही येऊ लागले. स्टुलावर बसून हवा कशी आहे, गुडघा कसा दुखतोय ते सांगत. न्हावीसुद्धा एकदा येऊन बराच वेळ बोलला.

सप्टेंबर संपता संपता साहेबांनी एक जाड नोंदवही बांधायला दिली. त्यात त्या ताऱ्याची यंदाची सगळी पानं होती. गस्तीबाई ती घेऊन दुपारी साडेतीनला गेली. गल्ली झोपलेली होती. तिने निळं दार ढकललं. खाली कुणी नव्हतं, टेबलाच्या जुन्या जागी जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता. तिने वही ठेवली आणि दाराजवळच्या मायक्रोफोनकडे वळली.

"मीच आहे, काका," ती मग हलक्या आवाजात म्हणाली. "घाई नाही. सावकाश होऊ द्या."

वर खुर्ची सरकली, पावलं जिन्याच्या तोंडापर्यंत आली.

"ऐकलं," वरून काका म्हणाले. "दार ओढून घ्या जाताना."